पश्चात्ताप कसा करावा: ख्रिस्ती विश्वासातील वाट

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, मुंबईतील कॅथलिक चर्चमध्ये कपाळावर राखेचा क्रूस रेखताना धर्मगुरू अनेकदा ‘पश्चात्ताप कर आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेव’ असे म्हणतात. येशूने आपल्या कार्याच्या आरंभी दिलेली ही हाक बायबलमधील मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात आहे. पश्चात्ताप करावा हे चर्चमध्ये नेहमी ऐकू येते. तो नेमका कसा करावा, हे मात्र क्वचितच सविस्तर सांगितले जाते.

सुरुवात करण्यापूर्वी एक गैरसमज दूर करावा. पश्चात्ताप ही तारणाची, म्हणजे पापापासून सुटकेची, किंमत नव्हे. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे मिळते आणि ते देवाचे दान आहे, असे इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात स्पष्ट म्हटले आहे. त्यामुळे ‘मी इतके उपवास केले, इतक्या बुधवारी माहीमच्या चर्चमधील नोव्हेना प्रार्थनेला गेलो, आता क्षमा मिळालीच पाहिजे’ हा हिशेब येथे चालत नाही. तरीही पश्चात्तापावाचून तारणाची वाट नाही, कारण ज्याला पाप सोडायचेच नाही त्याला त्या पापाची क्षमाही खऱ्या अर्थाने नको असते.

पहिली पायरी म्हणजे पापाचे नाव घेणे. ‘मी पापी आहे’ हे म्हणणे सोपे आहे, कारण त्यात काहीच उघड होत नाही. दावीद राजाने दुसऱ्याची बायको घेतली आणि तिच्या नवऱ्याला लढाईत मरायला पाठवले. नाथान संदेष्ट्याने ‘तो मनुष्य तूच आहेस’ असे तोंडावर सांगितले, तेव्हा कोठे तो भानावर आला. आपणही असेच नेमके बोलावे: भावाच्या हिश्श्याची चाळीतली खोली मी परस्पर माझ्या नावावर करून घेतली, घरकामाच्या बाईचे आजारपणातल्या सुट्ट्यांचे पैसे मी कापले. दहा आज्ञा समोर ठेवून, शक्य असल्यास कागदावर लिहून, हा विचार करावा आणि नंतर तो कागद फाडून टाकावा.

दुसऱ्या पायरीवर आपल्या दुःखाची पारख करावी. येशूला धरून देणारा यहूदा आणि त्याची ओळख नाकारणारा पेत्र, या दोन्ही शिष्यांना अतोनात दुःख झाले होते. यहूदाने चांदीची तीस नाणी परत केली, आपला अपराध शब्दांत मान्यही केला, पण तो येशूकडे परत गेला नाही आणि त्याने गळफास घेतला. तीनदा नाकारणारा पेत्र मात्र रडला आणि परत आला. पकडले जाण्याची, अब्रू जाण्याची भीती हेही दुःखच असते. परंतु केवळ भीती माणसाला देवापासून लपायला लावते. आपले दुःख कोणत्या दिशेला नेत आहे, एवढेच पाहावे.

त्यानंतर कबुली. कॅथलिक परंपरेत ती धर्मगुरूजवळ करायची असते आणि गंभीर पापांची कबुली वर्षातून किमान एकदा देणे बंधनकारक आहे. कबुलीत ऐकलेले धर्मगुरू कोणत्याही कारणास्तव उघड करू शकत नाही. उपवासकाळात अनेक धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) शेजारचे धर्मगुरू बोलावून सामुदायिक प्रायश्चित्तविधी होतो, पण तेव्हा रांग मोठी असते. निवांत आणि मराठीतून बोलायचे असल्यास पॅरिश ऑफिसात आधी वेळ विचारून घ्यावी. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत थेट देवाजवळ कबुली देतात आणि गरज वाटल्यास पाळकाशी एकांतात बोलतात. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीने पाळकाला किंवा धर्मगुरूला भेटून बाप्तिस्म्याच्या तयारीविषयी विचारावे.

बहुतेकांचा पश्चात्ताप येथेच थांबतो, आणि माझ्या मते खरी परीक्षा येथूनच सुरू होते. यरीहोचा मुख्य जकातदार जक्कय याने आपली अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसवले त्याला चौपट देण्याचे कबूल केले. मोशेच्या नियमशास्त्रात स्वतःहून अपराध कबूल करणाऱ्याला मूळ रकमेवर पाचवा हिस्सा अधिक द्यावा लागे. जक्कय त्याच्याही पुढे गेला. मात्र क्रम पाहावा: येशूने आधी त्याच्या घरी उतरण्याचे ठरवले, जक्कयाने पैशांचे नंतर काढले. त्याने परतफेडीने येशूला विकत घेतले नाही. येशू घरी आला म्हणून त्याचा हात सैल झाला.

म्हणून कापलेला पगार, दाबून ठेवलेले डिपॉझिट, सोसायटीच्या खात्यातून उचललेली रक्कम परत करावी, आणि एकरकमी जमत नसेल तर लेखी हप्ते ठरवून द्यावी. ज्याचे देणे तो हयात नसेल तर त्याच्या वारसांना द्यावे. चर्चच्या दानपेटीत टाकून मोकळे होऊ नये. खोटे बोलून कोणाचे नाव खराब केले असेल, तर ज्यांच्यासमोर बोललो त्यांच्यासमोरच ते मागे घ्यावे. गुन्हा घडला असेल तर कबुलीमुळे कायद्याची जबाबदारी संपत नाही. शिवाय ज्याला आपण दुखावले त्याच्यावर क्षमेची सक्ती करता येत नाही. आपल्याला समोर पाहणेही त्याला नकोसे असेल, तर भेटीचा हट्ट धरू नये.

पुढची पायरी रोजच्या कामातली आहे. ‘आम्ही काय करावे?’ असे लोकांनी विचारले तेव्हा बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने दोन अंगरखे असणाऱ्याला एक देऊन टाकायला सांगितले, जकातदारांना ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका म्हटले आणि शिपायांना दमदाटीने पैसे न उकळता पगारावर समाधान मानायला सांगितले. नोकरी सोडा, असे तो कोणालाही म्हणाला नाही. दलालाने, कंत्राटदाराने, कारकुनाने हाच प्रश्न आपल्या टेबलाशी बसून विचारावा. उत्तर बहुधा आधीच ठाऊक असते.

पुन्हा पडलो तर? पुन्हा उठून याच वाटेने यावे. ख्रिस्ती माणसाचे संपूर्ण जीवनच पश्चात्तापाचे असावे, हे धर्मसुधारक मार्टिन लूथरने 1517 साली आपल्या 95 विधानांपैकी पहिल्याच विधानात मांडले होते. मात्र क्षमा झालेले तेच जुने पाप पुन्हापुन्हा उकरून काही जण झोप गमावतात. त्यांनी दर वेळी नवा धर्मगुरू शोधण्याऐवजी एकाच अनुभवी धर्मगुरूचे किंवा पाळकाचे ऐकावे, आणि बेचैनी हटत नसेल तर समुपदेशकाकडे जाण्यात कमीपणा मानू नये.