बहावा फुलत नाही? या चुका टाळा

चैत्र-वैशाखात बहाव्याला पिवळे घोस लोंबायला हवेत, पण कितीतरी आवारांत त्या वेळी नुसती पानं दिसतात. खोट झाडात क्वचितच असते.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीनं. मार्च-एप्रिलमध्ये सोसायटीत कोयता-करवतीवाले येतात आणि सरसकट सगळी झाडं छाटतात. बहावा तेव्हा पानं गाळून उभा असतो, म्हणून 'वाळलंय' समजून आधी तोच तोडतात. घोस मात्र त्याच, आदल्या हंगामात वाढलेल्या फांद्यांवर येणार असतात. पावसात तुटक्या टोकांतून उभे, लांबलचक फुटवे निघतात आणि पुढच्या मार्चात 'फार वाढलं' म्हणून तेही जातात. चार-पाच वर्षं असं झालं की कुणीतरी सांगतं, हे नर झाड आहे. बहाव्यात नर-मादी अशी वेगळी झाडं नसतातच! छाटायचंच असेल तर फुलं सरल्यावर, जोराचा पाऊस लागायच्या आत छाटा. वाळक्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्याच काढा, पाव हिश्श्याहून जास्त नको. फांदी मेली की काय अशी शंका आली तर नखानं साल खरवडा. आत हिरवं दिसलं तर हात लावू नका.

दुसरी चूक पाण्याची. रोपाला पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा पाणी हवंच. मोठ्या झाडाचं पाणी मात्र जानेवारीपासून तोडा. लॉनच्या कडेचा बहावा रोजच्या पाण्यावर पानं धरून ठेवतो आणि फुलं विरळ येतात. युरिया तर नकोच, त्यानं नुसता पाला वाढतो.

बी तसंच पेरलं तर महिनोन्‌महिने उगवत नाही, कारण कवच टणक असतं. शेंगेतला चिकट गर धुवा, डोळ्याची, म्हणजे कोंब फुटतो ती बाजू सोडून बी पॉलिश पेपरवर घासा आणि रात्रभर पाण्यात ठेवा. फुगलेलं बी १ सेंमी खोल पेरा, न फुगलेलं पुन्हा घासा. गरम पाण्याचा झटपट उपाय बेभरवशाचा, त्यात बी शिजतंही. बियांच्या झाडाला फुलायला साधारण ५ ते ८ वर्षं लागतात. ज्यांना तेवढा धीर नाही त्यांनी बहावा लावूच नये.

सावलीत लावू नका, दिवसाला ६ तास ऊन हवं. पाणी साचणाऱ्या काळ्या मातीत मुळं कुजतात, तिथे उंचवट्यावर लावा. पिशवीत गोल फिरलेली मुळं कापून मोकळी करा, खड्डा २ × २ × २ फूट घ्या. पावसाळ्यात हिरव्या अळ्या पानं खातात, पण फवारणी करू नका. त्यांचीच फिकट पिवळसर फुलपाखरं होतात आणि झाडाला नवी पालवी फुटते.