खणाचा कुर्ता चैत्रात घालायचाय? आधी अस्तर बघा

डिझायनर मंडळींनी खणाला चोळीतून बाहेर काढून कुर्त्या-जॅकेटांत आणलं, हे फार छान झालं. पण क्रेपचं अस्तर लावलं की चैत्राच्या उन्हात घाम आतच कोंडतो. मलमलच लावा. ती रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापा. नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि घेराला चुण्या पडतात.

खणाचे धागे पटकन सुटतात. काखेत तर घट्ट फिटिंगला शिलाईजवळची वीण सरकते, बारीक फटी दिसू लागतात. म्हणून छातीत 4 इंच लूजिंग (अंगाच्या मापापेक्षा जास्तीची सैल जागा), पाऊण इंच माया (शिलाईच्या आत सोडलेलं जादा कापड) आणि कडांना धागे सुटू नयेत म्हणून मशीनचं इंटरलॉक हवंच. हातमागाच्या खणाचा पन्हा (कापडाची रुंदी) कमी असतो, तो मोजूनच कापड घ्या.