प्रश्नावली घेऊन स्वयंपाकघरात शिरण्याआधी: आहार-संशोधनातल्या या चुका टाळा

प्रबंधाचा मसुदा हातात आला की मी निष्कर्ष शेवटी वाचते. आधी परिशिष्टातली प्रश्नावली काढते. तिच्या पहिल्या दोन पानांतच कळतं, ही मुलगी कुणाच्या चुलीपाशी बसली होती की उंबऱ्यातून टिकमार्क करून परतली. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात पोषण आणि समाजकार्याच्या विद्यार्थ्यांबरोबर मी बरीच वर्षं फिरतेय. 'निरोगी आहाराचा प्रसार' हा विषय दरवर्षी चार-पाच जण घेतात, कारण तो सोपा वाटतो. आणि दरवर्षी त्याच चुका होतात. त्या एकदा लिहून काढायच्या होत्या.

'भाजी' या शब्दावर विसंबणं

ही चूक मला सगळ्यात जास्त सलते, कारण ती मराठी माणूसच मराठी माणसाबरोबर करतो.

जागतिक आरोग्य संघटना रोज किमान 400 ग्रॅम फळं आणि भाज्या खायला सांगते. त्यात बटाटा, रताळं असे पिष्टमय कंद धरत नाहीत. विद्यार्थी हा आकडा उचलतात आणि विचारतात, "दिवसातून किती वेळा भाजी खाता?" खानापूरकडची बाई म्हणते, "दोन टाइम." ती खरंच सांगत असते. पण सकाळची भाजी काळ्या वाटाण्याची, म्हणजे कडधान्याची असते आणि रात्रीची बटाट्याची. आपल्याकडे भाकरीला लावून जे खायचं ती भाजी. शेजारच्या कन्नड घरातही तीच गत, मटकीचाही पल्ल्या आणि बटाट्याचाही पल्ल्याच. प्रबंधात मात्र दोन्ही घरांसमोर 'दररोज भाजीसेवन: पुरेसे' असं पडतं.

याच्या उलटही होतं. एका गावात सत्तरीच्या आज्जींना माझ्या विद्यार्थिनीनं विचारलं, "काल भाजी खाल्लात काय?" आज्जी म्हणाल्या, "न्हाई गं, काल वांगं केलतं." त्यांच्या लेखी भाजी म्हणजे पालेभाजी, पेंडी सोडून निवडायची ती. मुलीनं 'नाही' वर खूण केली आणि पान उलटलं. मी तिथंच होते म्हणून थांबवलं. शब्द एकच, पण तो एका घरात आकडा फुगवतो आणि दुसऱ्या घरात बुडवतो. ही गफलत नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरनं निस्तरत नाही.

माझा उपाय पुस्तकात सापडायचा नाही. प्रश्नावली लिहायच्या आधी विद्यार्थ्यानं त्या गावच्या आठवडी बाजारात दोनदा जायचं, पिशवी घेऊन, आणि दिसेल त्या भाजीचं नाव विकणारीच्या तोंडून दोन्ही भाषांत लिहून आणायचं. शेपूला सबसगी, मेथीला मेंत्या, अंबाडीला पुंडी पल्ल्या. मग पालेभाजी, फळभाजी, कंद आणि कडधान्य असे चार वेगळे प्रश्न करायचे आणि प्रत्येकात नावं घेऊन विचारायचं. यात दोन आठवडे जातात. ते द्यायची तयारी नसेल तर माझ्याकडे येऊ नये, हे मी पहिल्याच दिवशी सांगते.

याला जोडूनच एक. इकडं घरात मराठी बोलणारा माणूस शाळा कन्नडमध्ये शिकलेला असू शकतो. बोलतो मराठी, वाचतो कन्नड. त्याच्या हातात मराठी संमतिपत्र देऊन सही घेणं म्हणजे संमती नव्हे. दोन्ही भाषांतले कागद सोबत ठेवा, वाचून दाखवा, आणि भाषांतर बरोबर आहे का हे मूळ इंग्रजी न पाहिलेल्या माणसाकडून परत इंग्रजीत उलट भाषांतर करवून तपासा.

जेवणाचा हिशेब चुकीच्या दिवशी घेणं

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका विद्यार्थ्यानं 80 बायकांच्या चोवीस तासांच्या आहाराची माहिती तीन दिवसांत गोळा करून आणली. काल सकाळपासून आज सकाळपर्यंत काय खाल्लं, असा हा हिशेब असतो. मुलगा मेहनती होता, अक्षर सुरेख, एकही रकाना रिकामा नाही. निष्कर्ष असा की गावातल्या स्त्रियांना प्रथिनं गरजेपेक्षा जास्त मिळतात. मला ते पटेना. त्या गावात मी गेले होते, तिथल्या बायकांची ताटं पाहिली होती. मूळ कागद मागवून एकेक वाचायला बसले. जवळजवळ प्रत्येक कागदावर मटण. मग विचारलं, गेला होतास कधी? गावची लक्ष्मी यात्रा झाली त्या आठवड्यात, सगळे घरी सापडतील म्हणून.

आमच्या भागात ही यात्रा गावोगावी किती वर्षांनी भरते आणि त्या दिवसांत घरं पाहुण्यांनी कशी भरतात, हे इथं वाढलेल्याला सांगावं लागत नाही. तोही इथलाच होता. सगळे घरी होते हे खरं, पण रोजचं जेवण कुणाच्याच घरी नव्हतं. त्या 80 कागदांतला एकही त्याला वापरता आला नाही. पावसाळ्यात पुन्हा गेला. रोप लावणीचे दिवस होते, बायका दिवसभर चिखलात. भात, आमटी, चटणी, चार वेळा चहा. मटण त्या कागदांवर कुठंच नव्हतं, दूधही फार थोड्या घरांत.

एका दिवसाच्या हिशेबावरून गटाची सरासरी काढता येते, तीही दिवस नीट वाटून घेतले असतील तर. एकाच बाईची सवय त्यावरून सांगता येत नाही. म्हणून प्रत्येकीकडे किमान दोनदा जा, लागोपाठच्या दिवशी नको. बाजार झाल्यावर पहिले दोन दिवस घरात पालेभाजी असते, पाचव्या-सहाव्या दिवशी बटाटा, डाळ नाहीतर सुकी मासळी. दोन्ही दिवस तुमच्या कागदावर यायला हवेत. एकादशी, श्रावणी सोमवार, सौंदत्तीच्या यल्लम्माची पौर्णिमा, उसाचा हंगाम हे सगळं आधी कॅलेंडरवर मांडा. आणि पहिला प्रश्न हा ठेवा: "कालचा दिवस रोजच्यासारखा होता काय?"

विचारण्याचीही रीत असते. आधी तिला न अडवता सगळं सांगू द्यायचं. मग विसरलेलं विचारायचं, मग वेळा, मग किती आणि कसं शिजवलं, शेवटी सगळं परत वाचून दाखवायचं. दुसऱ्या फेरीतच खरा माल बाहेर येतो: चहात बुडवलेलं टोस्टसारखं बटर, शेतावर खाल्लेले शेंगदाणे, पोरानं ताटात टाकलेला अर्धा घास, संध्याकाळचे चिरमुरे. घाईतली मुलं ही फेरी गाळतात आणि मग चहातली साखर संशोधनातूनच गायब होते.

वाटी कुणाची?

'एक वाटी आमटी' लिहून आणू नका. त्या घरातली वाटी मागून घ्या, तिच्यात पाणी भरा, ते मापात ओता आणि आकडा लिहा. भाकरी थापण्याआधी पिठाचा गोळा तोला. मी स्वयंपाकाचा छोटा काटा पर्समध्ये घेऊन हिंडते, बायकांना त्याचं कौतुकच वाटतं. तेलाचं मात्र वाटीनं जमत नाही. महिन्याला किती पिशव्या येतात आणि खाणारी तोंडं किती, हे विचारा. एक लिटरच्या पिशवीत तेल साधारण 910 ग्रॅम भरतं, 1000 नव्हे, एवढंही लक्षात ठेवा.

पुढची चूक इथूनच सुरू होते. मोबाइलमधल्या कुठल्यातरी परदेशी अ‍ॅपमध्ये 'ब्रेड' निवडून भाकरीच्या कॅलरी काढू नका. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2017 चे अन्नघटक तक्ते आहेत, 528 अन्नपदार्थांचे. पण त्यात आंबील शोधून सापडत नाही म्हणून तक्ते बाजूला ठेवणारेही मी पाहिलेत. ते तक्ते मुख्यतः कच्च्या जिन्नसांचे आहेत. आंबिलीत नाचणीचं पीठ किती, ताक किती हे घरातून लिहून आणायचं आणि मग हिशेब करायचा. त्याला दुसरा रस्ता नाही.

एकाच आवारातल्या दोन शाळा

ही माझी दुसरी ठसठसणारी जागा. सीमाभागात कितीतरी गावांत मराठी आणि कन्नड शाळा एकाच आवारात किंवा भिंतीला भिंत लावून असतात. संशोधकाला वाटतं, आयतेच दोन गट मिळाले. मराठी शाळेत आहाराचे धडे द्यायचे, कन्नड शाळेला काहीच सांगायचं नाही, तीन महिन्यांनी फरक मोजायचा.

एका विद्यार्थिनीनं नेमकं हेच केलं. धडे तिनं सुंदर बसवले होते. मुलांनी परसातल्या भाज्यांची चित्रं काढली, डब्यात आठवड्याला काय-काय येतं याचा तक्ता भिंतीवर लावला. तीन महिन्यांनी मोजलं तर दोन्ही शाळांतली मुलं सारखीच सुधारलेली. ती रडायला लागली, उपक्रम फसला म्हणून. मी तिला घेऊन मधल्या सुट्टीत त्या आवारात जाऊन बसले. दोन्ही शाळांची दुपारच्या जेवणाची पंगत एकाच व्हरांड्यात, स्वयंपाक एकाच मावशींचा. एक भाऊ मराठी शाळेत, दुसरा कन्नड शाळेत, डबा एकाच आईनं भरलेला. मराठी शाळेतली एक पोरगी अंडं बाजूला सारणाऱ्या मैत्रिणीला कन्नडमधून सांगत होती, अंड्यानं ताकद येते, खा. उपक्रम फसला नव्हता. तो भिंत ओलांडून गेला होता आणि मोजायची सोय मात्र तिनं आधीच घालवली होती.

शिवाय फरक दिसला असता तरी तो धड्यांचा की शाळेच्या माध्यमाचा, हे कुणी सांगितलं असतं? गट गावानुसार पाडा. ज्यांचा बाजार वेगळा, बसचा रस्ता वेगळा अशी गावं निवडा. दोन्ही गटांत दोन्ही माध्यमांच्या शाळा ठेवा आणि कुठल्या गावात धडे द्यायचे ते चिठ्ठी टाकून ठरवा. गावं जास्त लागतात, फिरावं जास्त लागतं. एका गावात सगळं उरकतं हे आवारातल्या दोन शाळा निवडण्याचं कारण होऊ शकत नाही. आणि किती गावं, किती मुलं हे संख्याशास्त्रातल्या माणसाला सुरुवातीला विचारा, माहिती गोळा झाल्यावर नव्हे.

थोडक्यात सांगण्यासारख्या

आशाताई किंवा अंगणवाडीताईंना शेजारी बसवून आहार विचारू नका. त्यांच्यासमोर प्रत्येक घरात दूध, अंडी आणि पालेभाजी शिजते.

सकाळी अकरा ते चार या वेळात गावात गेलात तर रोजगाराला जाणारी बाई तुम्हाला कधीच भेटणार नाही.

वजनकाटा शेणानं सारवलेल्या जमिनीवर ठेवू नका. सपाट फरशी शोधा आणि रोज सकाळी दुकानातल्या पाच किलोच्या मापानं काटा तपासा.

प्रस्तावनेत सगळे लिहितात की 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. मग प्रश्नावलीत जेवणानंतर लगेच घेतल्या जाणाऱ्या चहाबद्दल एक ओळ का नसते? तो चहा जेवणातलं लोह पुरतं अंगी लागू देत नाही, हे तुम्हाला शिकवलेलं असतं.

शाळेवर काम करताय तर फाटकाबाहेरचं दुकानही पाहा. शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकायला 2020 च्या अन्नसुरक्षा नियमांनी मनाई आहे. पाच रुपयांची पाकिटं कुठं लटकतात ते टेप लावून मोजा.

भिंतीवरच्या चित्रात सफरचंद नको. खानापूरच्या मुलाला पेरू, फणस, जांभूळ, करवंद दाखवा.

भाषण झाल्या झाल्या परीक्षा घेणं

तासभर व्याख्यान, आधी दहा प्रश्न, नंतर तेच दहा प्रश्न, गुण वाढले, उपक्रम यशस्वी. हे मी कितीदा वाचलं असेल याची गणती नाही. दहा मिनिटांपूर्वी ऐकलेलं बायकांना आठवलं, एवढंच त्यातून सिद्ध होतं. आठवण आणि ताट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीन महिन्यांनी परत जा आणि ताट पाहा.

आणि व्याख्यान कुणाला दिलंत तेही बघा. निपाणीकडच्या एका बैठकीत सगळं ऐकून घेतल्यावर एक वैनी शांतपणे म्हणाल्या, "सांगताय ते बरोबर हाय मॅडम, पण बाजार ह्यांच्या हातात आणि मीठ-तेल सासूबाईंच्या." त्या दिवसापासून माझे विद्यार्थी तीन बैठका घेतात. सुनांची वेगळी, सासवांची वेगळी, आणि पुरुषांची संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर. सासवांच्या बैठकीत मिठाचा मुद्दा मोजून दाखवतो. मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, तेही लोणचं-पापड धरून. तो चमचा त्यांच्याच हातात देतो आणि घरातल्या माणसांच्या हिशेबानं एका वाटीत मीठ काढायला सांगतो. मग घरातलं मिठाचं भांडं किती दिवसांत संपतं, याचा हिशेब त्या आपणच मांडायला लागतात.

परत न जाणं

माहिती घेऊन गेलेला विद्यार्थी गावाला पुन्हा दिसत नाही. हे मला सहन होत नाही, म्हणून नियमच केलाय. प्रबंध जमा करण्याआधी, एका पानावर, मोठ्या अक्षरांत, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कन्नड असा निकाल घेऊन प्रत्येक गावात जायचं. मागच्या वेळी असं पान वाचून दाखवत असताना एका आक्कांनी हात धरून थांबवलं. "हे पालेभाजीचं कमी लिवलंय न्हवं? तुम्ही मे महिन्यात आलतासा. तवा विहिरीला पाणी नसतंय. श्रावणात या, परसात दाखवते." विद्यार्थिनीनं तिथंच पेन काढून पानाच्या कडेला ते लिहून घेतलं, आणि श्रावणात आम्ही दोघी परत गेलो.