खाऊची पेटी की व्हेंडिंग मशीन: पैसे घालण्याआधीचा हिशेब

अमेरिकेत दुकानाच्या गल्ल्याशेजारी किंवा ऑफिसच्या पँट्रीत पुठ्ठ्याची एक पेटी दिसते. आत गोळ्या-चॉकलेटं, वर एखाद्या धर्मादाय संस्थेचं नाव आणि पैसे टाकायला फट. राखायला कोणी नाही. पेटीवाला संस्थेला दर पेटीमागे महिन्याला ठरावीक रक्कम देतो, बाकीचं त्याचं. लोकांच्या प्रामाणिकपणाइतकाच तिथे धंद्याला हातभार लागतो तो नफ्याचा, कारण घाऊकात घेतलेली गोळी दुप्पट-तिप्पट भावाने विकता येते. आपल्याकडे बंद पाकिटावर एमआरपी छापलेली असते आणि तिच्यावर एक रुपयाही घेता येत नाही. पेटी ठेवा नाहीतर मशीन, हिशेब इथूनच सुरू करावा लागतो.

समजा पेटीत ₹२० चे ३० नग ठेवले. आठवड्यात २४ उचलले गेले आणि २२ चे पैसे आले, म्हणजे ₹४४०. माल नामांकित कंपनीचा असेल आणि पाकीट ₹१७.५० ला पडलं असेल, तर २४ नगांची खरेदी ₹४२० आणि हातात राहिले ₹२०. पेट्रोलही सुटणार नाही. तेच बचत गटाकडून ₹१२ ला घेतलेली चिक्की, शेंगदाणा लाडू, भडंग ठेवलं तर खरेदी ₹२८८ आणि उरले ₹१५२, महिन्याचे साधारण ₹६००. वसुली तीच, पेटी तीच, फरक फक्त मालाचा. विक्रीच्या किमतीत नफा जितके टक्के, तितक्या टक्क्यांपर्यंतची तूट पेटी सोसते. कंपनीच्या पाकिटाला हे साडेबारा टक्के, चिक्कीला चाळीस.

तूट किती धरायची? वॉशिंग्टनच्या परिसरात पॉल फेल्डमन यांनी १९८४ पासून ऑफिसांत असेच बेगल (कड्यासारखे गोल पाव) ठेवले आणि वर्षानुवर्षं वसुलीची नोंद ठेवली. ती नव्वद टक्क्यांच्या आसपास राहिली. ऑफिस लहान, तिथे ती ३ ते ५ टक्क्यांनी चांगली. म्हणून पेटीची जागा म्हणजे १५ ते ४० माणसांचं ऑफिस, जिथे सगळे एकमेकांना नावाने ओळखतात: सीएची फर्म, डॉक्टरांच्या दवाखान्याची स्टाफरूम, छोटं वर्कशॉप. रिसेप्शनवर, जिथे कुरिअरवाले आणि पाहुणे येतात, तिथे ठेवू नका. पाण्याच्या फिल्टरजवळ, येता-जाता नजर पडेल अशी ठेवा. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चहाच्या दरपत्रकावर आठवड्याआड डोळ्यांचं आणि फुलांचं चित्र लावून पाहिलं, तर डोळ्यांच्या आठवड्यांत जवळजवळ तिप्पट पैसे आले. पुढच्या प्रयोगांत परिणाम इतका ठळक दिसला नाही, तेव्हा स्टिकरवर भिस्त नको.

पेटी बनवताना खाऊचा ट्रे आणि पैशांचा डबा वेगळे ठेवा. डबा पत्र्याचा, कुलूपवाला, आतून स्क्रूने ट्रेला जोडलेला. फट ३५ मिलिमीटर लांब, ५ मिलिमीटर रुंद: ₹२० ची नोट उभी दुमडून जाते, ₹१० आणि ₹२० ची २७ मिलिमीटरची नाणी जातात, बोटं मात्र शिरत नाहीत. उघडा वाडगा कधीही नको, त्यातून लोक ‘सुटे’ काढून घेतात. सगळ्या नगांची किंमत एकच ठेवा. मग सुट्यांची कटकट नाही, आणि तूट काढायला गेलेले नग गुणिले वीस, वजा डब्यातले पैसे, एवढंच गणित.

क्यूआर लावणारच असाल तर प्रत्येक पेटीला वेगळा घ्या. एकच क्यूआर वीस ठिकाणी चिकटवला की पैसे कुठल्या पेटीचे हे कळत नाही, आणि ज्या पेटीत तूट येते तीच सापडत नाही. सलग चार आठवडे तूट २० टक्क्यांवर राहिली तर ऑफिसात कोणाला काही न बोलता पेटी हलवा. बोलून वसुली वाढत नाही, जागा मात्र जाते.

पावसाळ्यात साध्या पॉलिथीनमधली चिक्की चिकट होते आणि चिवडा सादळतो. जून ते सप्टेंबर जाड लॅमिनेटेड पाऊच घ्या, नगही कमी ठेवा. पाकिटावर वजन, पॅकिंगची तारीख, एमआरपी, बनवणाऱ्याचं नाव आणि एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरण) क्रमांक हवा. तुमची स्वतःची एफएसएसएआय नोंदणीही लागते, मशीनलासुद्धा.

संस्थेचं नाव लावणं हा सगळ्यात नाजूक भाग. संस्था नोंदणीकृत असावी आणि नाव वापरायची परवानगी लेटरहेडवर घ्यावी. पेटीवर स्पष्ट लिहा: ‘या पेटीमागे दरमहा ₹५० अमुक संस्थेला’. ‘सर्व रक्कम समाजकार्यासाठी’ असं लिहून नफा खिशात घालणं ही सरळ फसवणूक आहे. लोकांकडून देणगी म्हणून पैसे गोळा करायचे तर धर्मादाय आयुक्तांच्या नियमांत शिरावं लागतं, म्हणून पेटीवर ‘दान’ हा शब्दच नको. टक्केवारीपेक्षा ठरावीक रक्कम बरी. तूट आली तरी संस्थेचे पैसे बुडत नाहीत, आणि दर महिन्याची पावती ऑफिसच्या मॅनेजरला दाखवता येते. नवीन जागा बहुतेक त्या पावतीवरच मिळतात.

आता मशीन. थंड कपाटाचं, पैसे भरले की स्प्रिंग फिरून पाकीट खाली पाडणारं मशीन ₹१,५०,००० ला धरा आणि पाच वर्षांवर वाटा: महिना ₹२,५००. वीज रोज ७ युनिट, व्यावसायिक दर ₹१३ धरला तर ₹२,७३०. जागाभाडं आणि सिमकार्ड मिळून ₹१,०००. म्हणजे एकही पाकीट न विकता ₹६,२३० खर्च. पाकिटामागे अडीच रुपये सुटत असतील तर महिन्याला सुमारे २,५०० पाकिटं, म्हणजे कामाच्या २५ दिवसांत रोज शंभर. आठ रुपये सुटले तर रोज ३१-३२. दीडशे-दोनशे माणसांच्या खाली, किंवा ज्या आवारात टपरी आहे तिथे, मशीन लावण्यात अर्थ नाही. हॉस्पिटल, होस्टेल, रात्रपाळीचा कारखाना, जिथे अनोळखी माणसं येतात आणि रात्री बाहेर काही मिळत नाही, तिथेच ते वसूल होतं.

मशीनमध्ये चोरीपेक्षा अडकलेलं पाकीट जास्त छळतं. स्प्रिंगच्या दोन वेढ्यांतलं अंतर पाकिटाच्या जाडीपेक्षा थोडंच जास्त हवं. अंतर फार असेल तर पाकीट पुढे झुकून काचेला टेकतं. स्प्रिंगचं टोक थांबताना खाली, घड्याळातल्या सहाच्या जागी यायला हवं. माल भरला की प्रत्येक ओळीतून एक नग पाडून बघा. खाली माल पडल्याचं ओळखणारा सेन्सर नसलेलं मशीन स्वस्त मिळालं तरी घेऊ नका, कारण पैसे कापले गेले आणि पाकीट आलं नाही तर परतावा आपोआप होत नाही, आणि दिवसभर फोन तुम्हाला येतात. तळघरात लावायचं असेल तर आधी त्याच कोपऱ्यात, मशीनमध्ये असेल त्याच कंपनीचं सिम फोनमध्ये टाकून यूपीआय करून बघा.

सुरुवात करायची तर पंधरा-वीस पेट्या, सगळ्या एका दुचाकीच्या फेरीत येतील अशा. कुठल्या ठिकाणी ३० नग तीन दिवसांत संपतात हे दोन-तीन महिन्यांत दिसतं. त्यातल्या ज्या आवारात माणसं दीडशेच्या वर आहेत, तिथल्या मॅनेजरशी मशीनचं बोलणं काढा. करार अकरा महिन्यांचा करा, आणि मशीन उचलून न्यायची मुभा व बाहेर काढण्याचा खर्च कोणाचा, हे त्यातच लिहून घ्या. अडीचशे किलोचं धूड लिफ्टमध्ये मावतं का, हेही सही करण्याआधी मोजून घ्या.