'जायचो, करायचो, खेळायचो' इंग्रजीत कसं शिकवायचं

आमच्या संध्याकाळच्या इंग्लिश स्पीकिंग बॅचला बहुतेक मराठी मीडियममधून आलेली मोठी माणसं असतात, आणि लहानपणाबद्दल बोला म्हटलं की हमखास असंच वाक्य येतं, 'आय वॉज गोइंग टू स्कूल बाय सायकल.' यात त्यांचा काही दोष नाही. मराठीत 'मी सायकलने शाळेत जात होतो' हे रोजच्या सवयीलाही चालतं आणि त्या क्षणी चालू असलेल्या कामालाही चालतं, तेच उचलून ते इंग्रजीत ठेवतात. इंग्रजी ऐकणारा मात्र वाट बघत बसतो, बरं जात होतात, मग वाटेत काय झालं?

पूर्वीच्या, आता सुटलेल्या सवयीसाठी इंग्रजीत 'यूज्ड टू' (used to) वापरतात, पण ते फळ्यावर लिहायच्या आधी मराठीपासून सुरुवात करा. आपल्याकडे सवयीसाठी वेगळा काळच आहे, व्याकरणाच्या पुस्तकात त्याला रीतिभूतकाळ म्हणतात, 'तो रोज देवळात जाई', 'जात असे' वगैरे, आणि बोलताना आपण सरळ 'जायचो, करायची, खेळायचे' म्हणतो. पहिली दहा मिनिटं फक्त मराठी वाक्यं द्या आणि विचारा की 'जात होतो' काढून 'जायचो' बसतंय का. 'लहानपणी मी विहिरीवर पोहायला जात होतो', इथे बसतं. 'तू फोन केलास तेव्हा मी बाजारात जात होतो', इथे नाही बसत. जिथे 'जायचो' बसतं तिथे 'यूज्ड टू', जिथे नाही तिथे 'वॉज गोइंग'. मला विचाराल तर सगळ्या धड्यातली ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, ती घाईत उरकू नका, कारण ही परीक्षा ज्याच्या त्याच्या कानातच असते आणि घरी एकटं असतानाही वापरता येते.

मग फळ्यावर एका बाजूला मी जायचो, मी जायचे, तू जायचास, ती जायची, त्या जायच्या अशी सगळी रूपं मांडा आणि दुसऱ्या बाजूला एकच, 'यूज्ड टू गो'. बाई असो पुरुष असो, एक असो दहा असोत, इंग्रजीत काहीच बदलत नाही. हे बघून वर्गातले चेहरे खरंच खुलतात, कारण इंग्रजी कुठेतरी मराठीपेक्षा सोपं आहे हे त्यांना पहिल्यांदाच दिसतं.

उच्चार त्याच दिवशी घ्या. चाकू वापरला म्हणताना 'यूझ्ड', पण सवयीचं बोलताना 'यूस्टू', एका दमात, मधला डी ऐकू येत नाही. डी ऐकू येत नाही म्हणूनच लिहिताना तो राहून जातो, 'आय यूज टू गो', आणि मग काही जण ते आजच्या सवयीलाही लावतात, 'आय यूज टू ड्रिंक टी डेली'. आजच्या सवयीला हे चालत नाही, तिथे 'आय यूज्वली ड्रिंक टी' किंवा नुसतं 'आय ड्रिंक टी' पुरतं. 'डिडन्ट' आलं की मात्र तो डी खरंच जातो, 'आय डिडन्ट यूज टू लाइक कारलं'. प्रश्नातही तसंच, 'डिड यू यूज टू'. बोलताना दोन्ही सारखंच ऐकू येतं त्यामुळे यावर फार वेळ घालवू नका.

आता एक जागा जिथे मराठीचा कान दगा देतो. 'माझ्याकडे सायकल होती', 'तिचे केस लांब होते', इथे आपण 'असायची, असायचे' सहसा म्हणत नाही, पण आता ते राहिलं नाही हे सांगायचं असेल तर इंग्रजीत 'आय यूज्ड टू हॅव अ सायकल' छान बसतं. उलट 'मी 5 वर्षं पुण्यात राहिलो', 'मी 3 वेळा नापास झालो', इथे आकडा आलाय, काम मोजलं गेलंय, तिथे 'यूज्ड टू' नको, साधा भूतकाळ, 'आय लिव्ह्ड'. इथे मराठीतही आपण 'राहायचो' म्हणत नाही, म्हणजे कान परत कामाला येतो.

पूर्वीच्या सवयीसाठी 'वुड' (would) सुद्धा चालतं, पण ते दुसऱ्या आठवड्यात आणा, आणि गोष्टीतूनच आणा. माझ्या बॅचमधल्या एका काकूंनी पाण्याच्या बंबाची आठवण सांगितली होती. पहिलं वाक्य 'वी यूज्ड टू हॅव अ बंब', मग 'माय मदर वुड गेट अप ॲट फाइव्ह, शी वुड लाइट इट, वी वुड सिट नियर इट', थंडीत भावंडं बंबाला चिकटून बसायची ते सगळं. पहिल्या वाक्यात 'यूज्ड टू'ने काळ ठरतो, पुढची कामं 'वुड'ने पळत सुटतात. मात्र ते काम असायला हवं, उठणं, पेटवणं, बसणं. असणं, आवडणं, माहीत असणं याला 'वुड' लावू नका, 'आय वुड हॅव अ सायकल' म्हणजे भलतंच काहीतरी होतं.

'आय ॲम यूज्ड टू' म्हणजे मला सवय आहे, ते वेगळं प्रकरण आहे, त्याच्या पुढे 'गेटिंग अप' असं आयएनजी लागतं. हे त्याच आठवड्यात शिकवलंत तर दोन्हीची खिचडी होते आणि 'आय ॲम यूज्ड टू गो' सुरू होतं, मी स्वतः ही चूक करून बसलेय, नंतर निस्तरायला महिना गेला. किमान दोन आठवडे जाऊ द्या.

सरावाला रिकाम्या जागा भरा नको. असे विषय द्या ज्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही, एसटीडी बूथवरची रांग, रॉकेलचा स्टोव्ह, चार आण्यांत काय काय यायचं (ते नाणं 2011 मध्ये बंद झालं). जोडीत बसवा, एकाने सांगायचं, दुसऱ्याने 'डिड यू यूज टू'ने निदान 2 प्रश्न विचारायचे. बोलणं चालू असताना मधे टोकू नका, चुका वहीत टिपा आणि शेवटच्या 5 मिनिटांत नाव न घेता फळ्यावर लिहा, त्यांचं त्यांना दुरुस्त करू द्या. घरी जाताना काम एकच, आजीला किंवा शेजारच्या आजोबांना मराठीत विचारायचं की तुम्ही माझ्या वयाचे असताना काय करायचात, आणि त्यातली 4 वाक्यं इंग्रजीत करून आणायची.