अंबाडीची भाजी खाल्ली, आता खोडाचा दोर वळा

नागपुरात धागा म्हटलं की सगळ्यांना कापूसच आठवतो, पण घरामागे अंबाडी लावली असेल तर दोराचा माल फुकटात उभा आहे. कापूस म्हणजे बीवरचे केस, जेमतेम 3 सेंटिमीटर, त्याचं आधी सूत कातावं लागतं. अंबाडीचा वाख, म्हणजे तिचा धागा, खोडाच्या सालीत असतो अन् चांगला लांब निघतो, त्यामुळे चरखाबिरखा काही नको, हातच पुरतात.

शेंडे खुडले की फांद्या फुटतात आणि वाख तुकड्यातुकड्यात येतो, म्हणून आठ-दहा झाडं भाजीसाठी न खुडता सरळ वाढू द्या (घरच्यांना आधीच सांगून ठेवा). पावसाळा सरताना फुलं यायला लागली की कापा, बोंडं पिकेपर्यंत थांबलात तर वाख राठ होतो. खोडावर बारीक काटे असतात, सांभाळून.

पानं झाडून जुडी बांधा, ड्रमात पाण्याखाली बुडवा, वर दगड. पाण्यातले जिवाणू सालीतला चिकट भाग खातात अन् त्यानेच धागे सुटे होतात, साधारण 10 ते 15 दिवस लागतात, ऊन असलं तर कमी. वास येतो, खरं सांगतो, लय येतो, शेजारच्या काकूंनी विचारलं होतं उंदीर मेला का म्हणून. ड्रमावर कापड घट्ट बांधा, डेंग्यूचे दिवस असतात ते.

आठव्या दिवसापासून रोज एक काडी काढून पाहा. बुडाशी अंगठ्याने साल दाबून ओढली अन् मोज्यासारखी सरकन निघाली की झालं. पहिल्या वर्षी मी दिवाळीच्या साफसफाईत तीन आठवडे विसरलो, हाती नुसता लगदा आला.

वाख स्वच्छ पाण्यात आपटून धुवा, वाळवा. वळताना किंचित ओला करा नाहीतर तळहात सोलतात. दोन पेड घ्या, दोन्हींना उजवीकडे पीळ द्या आणि मग एकमेकांवर डावीकडे गुंडाळत जा, पीळ उलटसुलट बसतो म्हणून दोर उकलत नाही. नवा वाख जोडताना दोन्ही पेडांत एकाच जागी जोड घेऊ नका, नेमका तिथंच तुटतो.

दोडक्याचा वेल चढवायला, रद्दी बांधायला मस्त, फक्त सतत ओला राहिला तर कुजतो. आतल्या पांढऱ्या काड्या वाळवून चूल पेटवायला ठेवा. पोळा तर तोवर होऊन जातो, म्हणून आमच्या पोराने त्याच्या लाकडी बैलाचा दोर पुढच्या तान्ह्या पोळ्यासाठी आत्ताच लपवून ठेवलाय.