मस्कतला नव्यानं येणाऱ्यांसाठी: ऊन, पाणी आणि कपडे

दर वर्षी एप्रिल-मे महिन्यात एखादं तरी नवीन मराठी कुटुंब आमच्या ओळखीत येतं. नवरा आधी येऊन घर लावतो, मग बायको-मुलं येतात. पहिल्या भेटीत प्रश्न ठरलेला: "इथे डोक्यावरून ओढणी घ्यावी लागते का हो?" पाण्याबद्दल कुणीच विचारत नाही. मी 2006 च्या एप्रिलमध्ये आले तेव्हा मीही विचारलं नव्हतं, म्हणून पाण्यापासूनच सुरुवात करते.

इथल्या उन्हाळ्यात माणूस उन्हात कमी आणि एसीत जास्त असतो. घर, गाडी, ऑफिस, मॉल, सगळीकडे एसी. त्यामुळे घाम दिसत नाही, घसा कोरडा पडत नाही, तहान लागत नाही. पण एसीच्या कोरड्या हवेत अंगातलं पाणी जातच असतं. आपल्याकडे उन्हातून आल्यावर आधी पाणी आणि गुळाचा खडा पुढे करतात. इथे उन्हातून आल्याची जाणीवच होत नाही.

माझ्या पहिल्या ऑगस्टमध्ये एका रात्री उजव्या कुशीत कळ आली. आधी वाटलं गॅस असेल. ओवा खाल्ला, गरम पाण्याची पिशवी घेतली. पहाटेपर्यंत उलट्या सुरू झाल्या, उभं राहवेना. एका खासगी दवाखान्यात नेलं. मुतखडा निघाला, मूत्रवाहिनीत अडकलेला. डॉक्टरांनी एकच विचारलं, "दिवसाला पाणी किती पिता?" मी म्हटलं, "तहान लागेल तेवढं." मोजायला बसलो तर दिवसाला जेमतेम चार पेले भरले. ह्यांच्या कंपनीचा विमा फक्त ह्यांच्यापुरता होता, माझा उतरवलेलाच नव्हता. बिल झालं 640 रियाल, म्हणजे तेव्हाचे पंचाहत्तर हजार रुपयांच्या आसपास. सहा महिन्यांची शिल्लक तीन दिवसांत गेली.

म्हणून सांगते, पाणी तहानेवर नाही, घड्याळावर प्या. एक-एक लिटरच्या तीन बाटल्या सकाळी भरून ओट्यावर मांडा आणि रात्री झोपायच्या आत रिकाम्या करा. हृदयाचा किंवा किडनीचा आधीचा त्रास असेल त्यांनी मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. लघवीचा रंग बघत जा. लिंबू सरबतासारखा फिकट असेल तर ठीक, चहाकडे झुकायला लागला तर लगेच पाणी वाढवा. मुलांनाही हे शिकवा. चहा-कॉफी यात धरू नका. दुकानात 'लबन' मिळतं, ते म्हणजे आपलं ताकच, रोज आणा. येताना आमसुलं भरपूर आणा. आणि बायकोचा, मुलांचा विमा कंपनी देते का, हे व्हिसाचे कागद करतानाच विचारा. देत नसेल तर पदरचे पैसे घालून उतरवा. यात काटकसर करू नका. हे मी प्रत्येक नव्या कुटुंबाला सांगते, आणि तरी दोन-तीन वर्षांनी कुणाचा तरी रात्री दोनला फोन येतोच.

आता हवा. मस्कतचा उन्हाळा एकसारखा नसतो. मे-जूनमध्ये डोंगराकडून वारा सुटतो. तो कोरडा आणि भाजणारा, पारा 45 च्या वर नेणारा. जुलै-ऑगस्टमध्ये समुद्राची दमट हवा येते, मग आकडा कमी दिसतो पण जीव जास्त घाबरा होतो. रात्री दार उघडून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते. शहराभोवतीचे काळेभोर डोंगर दिवसभर तापतात आणि रात्रभर ती ऊब सोडत राहतात, म्हणून इथे संध्याकाळ गार होईल ही अपेक्षा ठेवू नका. जून 2018 मध्ये मस्कतच्या दक्षिणेला कुरियात गावी चोवीस तासांत पारा 42.6 अंशांच्या खाली आलाच नाही. जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन बांधकामावरच्या मजुरांना उघड्यावर राबवायला सरकारची बंदी आहे. सरकारनं जी वेळ धोक्याची ठरवली आहे, त्या वेळी तुम्ही मुलाला बाबागाडीत घालून कोपऱ्यावरच्या दुकानात कशाला जाता? पाच मिनिटांचं काम म्हणून निघालेली आई घामानं भिजून, पोर लालबुंद होऊन परत आलेलं मी पाहिलंय.

न्हाणीघराचंही सांगते, कारण हे कुणी आधी सांगत नाही. पाण्याची टाकी गच्चीवर असते. मे संपता संपता गार पाण्याच्या नळाला हात लावला की चटका बसतो. माझ्या शेजारच्या मराठी मुलीनं तान्ह्या बाळाला धुवायला सवयीनं गार नळ सोडला आणि बाळ कळवळलं. उपाय सोपा आहे. मेच्या मध्यापासून गिझर बंद करा. गिझरची टाकी घरात असते, त्यातलं पाणी खोलीच्या हवेनं निवतं. मग 'गरम' नळातून गार पाणी घ्यायचं आणि 'गार' नळातून गरम. आदल्या रात्री दोन बादल्या भरून ठेवल्या तर आणखी चांगलं. गाडीतही तसंच: सीटबेल्टचं लोखंडी बक्कल मुलाच्या उघड्या मांडीला लागू देऊ नका, आधी त्यावर रुमाल टाका.

मग कपडे. ओढणीच्या प्रश्नाचं उत्तर: नाही. ओमानमध्ये परदेशी बाईला डोकं झाकायची सक्ती नाही, अबायाची, म्हणजे अंगभर काळ्या झग्याची, तर नाहीच. साडी, पंजाबी ड्रेस, कुंकू, मंगळसूत्र, कशालाही कुणी हरकत घेत नाही. जुन्या मस्कतमध्ये राजवाड्याजवळ मोतीश्वराचं देऊळ आहे, दारसेतला कृष्णाचं. तिथे आम्ही नऊवारी नेसूनसुद्धा गेलोय. अपेक्षा एवढीच की खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. बऱ्याच मॉलच्या दारावर तशी पाटी असते. पोलीस सहसा पकडत नाहीत, पण समोरचा माणूस नजर वळवतो, बोलणं तोडतो, आणि त्याला काय खटकलं हे तुम्हाला कळतही नाही.

चुका मात्र जास्त पुरुषच करतात, हे मी स्पष्ट सांगते. बायका घाबरून का होईना विचारतात, पुरुष विचारत नाहीत. बर्मुडा आणि बनियनसारखा टीशर्ट घालून रेसिडेंट कार्डाच्या कामाला पोलीस कार्यालयात जातात, आणि तिथून परत पाठवलं की "दुबईत असं काही नाही" म्हणून कुरकुरतात. ही दुबई नाही. इथला सरकारी नोकर स्वतः दिशदाशा, म्हणजे पायघोळ पांढरा झगा घालून आणि डोक्याला मसर, म्हणजे फेटा बांधून कामावर येतो. त्याच्यासमोर घरातल्या कपड्यांत उभं राहणं हा त्याच्या कचेरीचा अपमान आहे. आपल्या गावातल्या देवळात कुणी असं आलेलं आपल्याला चालेल का?

आणि त्या दिशदाशाकडे नीट बघा. सुती, सैल, गळ्यापासून घोट्यापर्यंत, बहुधा पांढरा. आत हवा खेळती राहते, ऊन कातडीला लागत नाही. गळ्याशी एक गोंडा लोंबतो, त्याला फुराखा म्हणतात, त्यात अत्तर लावतात. डोक्यावरच्या कुम्मा टोपीच्या भरतकामात बारीक भोकं असतात, ती हवेसाठी. उघड्या दंडावर भर दुपारचं ऊन घेणारा माणूस घरी जाऊन मलम लावतो, अंगभर सुती घालणारा लावत नाही. आमच्या खालच्या मजल्यावर एक ओमानी आजी राहायच्या. पहिल्या उन्हाळ्यात मला बिनबाह्यांच्या कुडत्यात कपडे वाळत घालताना पाहून त्या वर आल्या. मला वाटलं रागावणार. त्यांनी माझा तापलेला दंड चाचपून पाहिला, स्वतःची सुती ओढणी त्यावर टाकली आणि "माय, माय" म्हणाल्या. माय म्हणजे पाणी, पाणी पी म्हणून सांगत होत्या. भाषा कळायला मला पुढे वर्ष लागलं. खड्याच्या दुखण्यानंतर ते शब्द रोज आठवायचे.

सुलतान काबूस भव्य मशीद बघायला पाहुण्यांना न्यालच. बिगरमुस्लिमांना शुक्रवार सोडून सकाळी 8 ते 11 आत सोडतात. तिथे मात्र नियम कडक आहे: बायकांचे केस, मनगटं, घोटे झाकलेले हवेत. लेगिंग आणि तंग कुडता चालत नाही. नऊलाच पोचा, साडेदहानंतर संगमरवरी अंगण पाय भाजतं.

रमजानमध्ये दिवसा सार्वजनिक ठिकाणी खाणं-पिणं हा इथे गुन्हा आहे, त्याला तुरुंगवासाचीही तरतूद आहे. सिग्नलला थांबलेल्या गाडीत बाटली तोंडाला लावणंही टाळा. सध्या हा महिना थंडीकडे सरकलाय. 2018 साली मे-जूनमध्ये आला होता तेव्हा घरातून निघताना अर्धा लिटर पिऊनच निघायचो आणि आडोसा मिळाला की पुन्हा.

सामानात काय भरावं? सुती जास्त, सिंथेटिक कमी. सुती परकर, सुती आतले कपडे, पूर्ण बाह्यांचे कुडते. रेशमी साड्या चार पुरेत, त्या दिवाळी ते फेब्रुवारीत मंडळाच्या कार्यक्रमांना होतात. एक शाल पर्समध्ये असूच द्या, मॉल आणि ऑफिसातला एसी हुडहुडी भरवतो. डिसेंबर-जानेवारीत जबल शम्स डोंगरावर गेलात, तर त्याच्या शिखराची उंची 3000 मीटरच्या आसपास आहे आणि रात्री पाणी गोठतं. खरा स्वेटर लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये जीव विटला तर सलालाला जा, मस्कतपासून 1000 किलोमीटर आहे. आपल्याच पावसाळी वाऱ्यांची भुरभुर तिथे पडते, नारळ-केळी आहेत, पहिल्यांदा गेले तेव्हा कोकणात उतरल्यासारखं वाटून डोळे भरून आले होते.

कोरड्या वादीत, म्हणजे नदीच्या पात्रात, गाडी कधीही लावू नका. पाऊस डोंगरात पडतो आणि लोंढा तुमच्यावर ऊन असताना येतो.

आणि घरात कुणाला आधी मुतखडा झाला असेल, तर जुन्या सोनोग्राफीचे कागद हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकू नका. इथला डॉक्टर पहिल्यांदा तेच मागतो.